होडीला मोटर किती एचपीची? सायखेड्याच्या होडीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

होडी नाशिकला, अंबडच्या माझ्या शेडवर आली. पिकअपमध्ये अर्धी आत, अर्धी बाहेर, मागे लाल फडकं बांधून. चौदा फुटी, फायबरची, सपाट तळाची. आजवर धरणावरच्या मासेमारीत होती, तीही फक्त वल्ह्यांवर. मोटर तिला कधी लागलेलीच नाही.

कशासाठी घेतली ते एकदा लिहून ठेवतो. ऑगस्ट २०१९ च्या गोदावरीच्या पुरात मामांचं नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्याजवळचं घर पाण्यात गेलं. मामा, मामी आणि शेजारची दोन म्हातारी माणसं गच्चीवर होती. वल्ह्याची एक होडी त्यांच्याकडे निघाली होती, पण पाण्याला एवढी ओढ होती की ती शंभर पावलंही वर चढली नाही. खाली वाहत जाऊन कशीबशी काठाला लागली. पाणी उतरल्यावर सगळे सुखरूप खाली आले. पण मामी अजून सांगतात की होडी दिसत होती आणि ती लांब लांब जात होती. ते ऐकल्यापासून ही होडी डोक्यात आहे.

गावातल्या पोरांनी वर्गणी काढली. फॅब्रिकेशनचं काम माझं, म्हणून होडी माझ्याकडे. पहिल्याच दिवशी मामेभावाने विचारलं, "दादा, पंचवीस एचपीची बसवू या का?" म्हटलं, आधी मोजू.

१२ जानेवारी

मापं. एकूण लांबी १४ फूट. भरलेली होडी पाण्याला जिथून जिथपर्यंत टेकते ती लांबी साडेबारा फूट. मधली रुंदी ४ फूट ९ इंच. ट्रान्सम, म्हणजे मागची उभी फळी जिच्यावर मोटर चिमट्याने आवळतात, तिची रुंदी ३ फूट ७ इंच आणि उंची १७ इंच. चेन ब्लॉकला काटा अडकवून होडी उचलली: १४० किलो.

ट्रान्समची उंची हे माप लोक विसरतात. छोट्या मोटरींचे पाय, म्हणजे पाण्यात उतरणारा खालचा दांडा, मुख्यतः दोन लांबींत मिळतात, शॉर्ट शाफ्ट १५ इंच आणि लाँग शाफ्ट २० इंच. पायाच्या खालच्या टोकाला पाणी मागे ढकलणारा पंखा असतो आणि त्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. जास्त वर राहिली तर पंखा वरची हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि होडी जागेवर राहते. जास्त खाली गेली तर पाय पाण्यात उगाच अडथळा होतो. आपली फळी १७ इंच, म्हणजे धड शॉर्टला नाही, धड लाँगला नाही.

१५ जानेवारी

वाईट बातमी. ट्रान्समवर हातोडीने ठोकत गेलो. कडेला टणटण वाजतंय आणि मध्यभागी, नेमकी जिथे मोटर बसणार तिथे, बद्द. ६ मिलिमीटरच्या ड्रिलने तीन भोकं पाडली तर काळा ओला भुसा बाहेर आला. आतलं लाकूड कुजलंय. बाहेरचा फायबर चकचकीत असल्यामुळे वरून काहीच कळत नव्हतं.

जुनी होडी घेऊन कुणी मोटर लावणार असेल तर त्याने एचपीचा विचार नंतर करावा, आधी हातोडी घ्यावी. मोटरचा सगळा जोर पंख्यापासून पायातून वर येतो आणि या एका फळीवर उतरतो. दहा एचपीची मोटर ऐन जोरात साठसत्तर किलो तरी रेटते, आणि तेही फळीच्या वरच्या कडेपासून दोन फूट खाली. तरफेचा तो ताण कुजक्या लाकडाला झेपणारा नाही.

२६ जानेवारी, रविवार

आज सुट्टी. शेडवर कागद-पेन घेऊन बसलो. मामेभाऊही होता.

आधी पाण्याचा वेग. त्याच्या जुन्या फोनमध्ये २०१९ चा एक व्हिडिओ आहे, घाटाच्या वरच्या रस्त्यावरून काढलेला. त्यात एक निळा ड्रम वाहत येतो आणि काठावरच्या विजेच्या दोन खांबांसमोरून जातो. मागच्या आठवड्यात जाऊन त्या खांबांमधलं अंतर टेपने मोजलं: ३१ मीटर. ड्रमला लागलेला वेळ, तीनदा पाहून, १२ सेकंद. म्हणजे सेकंदाला २.६ मीटर, ताशी ९.३ किलोमीटर. हा काठाजवळचा वेग. मधल्या धारेत याहून जास्तच असणार.

आता होडीचा वेग. होडी पाणी बाजूला सारत जाते तेव्हा स्वतःच एक लाट उठवते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एका लाटेच्या माथ्यावर आणि मागचा भाग तिच्यामागच्या लाटेच्या माथ्यावर येतो; वेग आणखी वाढवला की मागचा भाग खळग्यात उतरतो, म्हणजे होडी आपल्याच लाटेचा चढ चढत राहते. तिथून पुढे इंजिनाचा जोर वाढवला तरी वेग फारसा वाढत नाही. हा वेग काढायची पद्धत साधी आहे: पाण्यातली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, १.३४ ने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. साडेबाराचं वर्गमूळ ३.५४, गुणून ४.७ नॉट. ताशी ८.८ किलोमीटर.

दोन आकडे शेजारी लिहिले. पाणी ९.३, होडी ८.८. मामेभाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ती होडी मागे का जात होती ते आज कळलं." वल्ही मारणाऱ्यांनी जिवाचं रान केलं होतं. त्यांच्या हातात कसूर नव्हती, होडीच्या लांबीतच ते गणित बसत नव्हतं.

या मर्यादेच्या पुढे जायचं तर होडीला पाण्यावर उचलून घसरत न्यावं लागतं, निदान अर्धवट तरी. त्याला ताकद लागते. अडाणी हिशोब असा की २५ किलो वजनामागे १ एचपी असेल तर सपाट तळाची हलकी होडी नीट वर उचलली जाते. चार माणसं ३०० किलो, होडी १४०, मोटर ४०, पेट्रोल आणि टाकी १२, दोर-जॅकेट-नांगर २५. एकूण ५१७ किलो. म्हणजे २० एचपी पाहिजे. आणि इथली हवाही लक्षात घ्यायला हवी. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच, हवा थोडी विरळ. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद हरवतं. आपल्याकडे १० एचपीचे साडेनऊच धरायचे.

तर मग वीस का नको? कारण होडी सहन करेल तेवढंच लावता येतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांत २० फुटांखालच्या होड्यांसाठी एक हिशोब आहे: लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी, फुटांत. आपलं १४ गुणिले ३.५८, म्हणजे ५०. पन्नासला १५ एचपी बसते, पण तळ सपाट आणि कडा धारदार असेल तर एक पायरी खाली यायचं. म्हणजे १०. माणसांचाही असाच ठोकताळा आहे: लांबी गुणिले रुंदी भागिले १५. आपला आकडा ४.४, म्हणजे चार. पोरं पाच-सहा धरून चालली होती. चार म्हणजे चालवणारे दोन आणि आणायचे दोन.

तर प्रश्न असा उरला: १० एचपीमध्ये चार माणसांसह ही होडी ताशी ९.३ च्या वर किती जाईल? कागदावर याचं नीट उत्तर निघत नाही. होडी धड पाण्यात नाही आणि धड पाण्यावर नाही, अशा मधल्या अवस्थेत कुठलंच सूत्र खरं उतरत नाही. पाण्यात उतरूनच पाहायला हवं.

९ फेब्रुवारी

ट्रान्सम झाला. आतली कातडी कापून कुजकं लाकूड सगळं खरवडलं, १८ मिलिमीटरचे मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून आवळले, वर फायबरची मॅट, दोन्ही कोपऱ्यांत त्रिकोणी ब्रॅकेट. शनिवारी रात्री टाकलेलं रेझिन रविवारी दुपारपर्यंत ओलंच होतं. या थंडीत निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, मी शेडमध्ये होडीच्या मागे हॅलोजन लावून बसलो.

उंची तूर्त साडेपंधरा इंच ठेवली. चाचणीसाठी मिळणाऱ्या उसन्या मोटरी शॉर्ट शाफ्ट आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार. पहिली चाचणी, ५ एचपी

गावच्या डोहात. खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला मुद्दाम गेलो नाही. तिथे पाणी मोठं आणि मोकळं आहे, पण ते अभयारण्य आहे, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, आणि या दिवसांत हिवाळी पाहुणे पक्षी अजून असतात. मोटरच्या चाचण्यांची ती जागा नव्हे.

काठावर १०० मीटरवर दोन काठ्या रोवल्या. जाताना आणि येताना, फोनच्या जीपीएसवर, दोन्हींची सरासरी. होडीत मी आणि मामेभाऊ. बाकी दोन माणसांच्या जागी वाळूच्या गोण्या, दीडशे किलो. सगळ्यांना लाइफ जॅकेट, आणि मोटर बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. ही दोरी सुटली तर इंजिन बंद. माणूस पाण्यात पडला तरी होडी त्याच्यावर फिरून येत नाही.

दोघे असताना ताशी ११.८ किलोमीटर. चौघांचं वजन असताना ९.०.

मोटर पूर्ण उघडी होती, आवाज चांगला होता, मागे पाणी जोरात उसळत होतं. काठावरून पाहणाऱ्यांना होडी जोरात चालल्यासारखी वाटली. पण ९.० हा आकडा ९.३ पेक्षा कमी आहे. पाच एचपीची मोटर लावून, पेट्रोल जाळून, चार माणसं त्या दिवशी गच्चीपासून हळूहळू लांबच गेली असती.

९ मार्च, रविवार. १५ एचपी

ओळखीच्या एका बोटमालकाने दिवसभरासाठी दिली. वजन ५० किलो, उचलायला दोघे लागतात.

दोघे असताना होडी उठली आणि ताशी ३३ ने पळाली. पोरं काठावर ओरडत होती. मला मात्र हातात भीती जाणवत होती. नाळ एका लयीत वर-खाली आपटायला लागली आणि सुकाणूचा दांडा जरा हलला की होडी फेकल्यासारखी वळायची. सपाट तळाला पाण्यात पकड नसते.

मग चौघांचं वजन. गोण्या मागच्या फळीजवळ ठेवल्या, ती माझी चूक. पूर्ण जोरात १७.५ पर्यंत गेली, नाळ आकाशाकडे, मागचा भाग खोल रुतलेला. मागच्या कडेपासून पाणी फक्त ११ सेंटिमीटर खाली होतं. काठी जवळ आली म्हणून मामेभावाने थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, एकदम सोडला. होडी थांबली, पण तिने मागे उठवलेली लाट थांबली नाही. ती आली आणि सरळ ट्रान्समवरून आत उतरली. एका क्षणात घोट्यापर्यंत पाणी. दुसरी लाट आली असती तर मोटरच्या बाजूने होडी बसली असती. बादलीने पाणी उपसत काठाला आलो. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही.

मामा काठावरच होते. त्यांनी गोण्या उतरवायला हात लावला आणि म्हणाले, "पुराच्या पाण्यात असं झालं असतं तर?"

मोठी मोटर घेतली की जास्तीची ताकद राखीव राहते, लागेल तेव्हा वापरू, असं सगळे म्हणतात. मीही मनातून तसंच मानत होतो. पण मोटरचं वजन राखीव राहत नाही. ते सतत फळीवर बसलेलं असतं, होडी उभी असतानाही. आणि घाबरलेल्या माणसाचा हात थ्रॉटल पूर्णच उघडतो आणि पूर्णच सोडतो.

१० मार्च

रात्रभर विचार करून दोन गोष्टी ठरवल्या.

मोटर १० एचपी. पंधरा नाही, वीस-पंचवीसचं नावच नाही.

आणि ट्रान्सम साडेपंधराचा वीस इंच करायचा, लाँग शाफ्ट मोटर घ्यायची. मागची कड साडेचार इंचांनी वर जाईल. काल आत आलेली लाट तिथेच अडली असती. मामेभावाची शंका होती की लांब पाय गल्लीबोळात जमिनीला टेकेल. तसं होत नाही. पाय लांब असला तरी फळीही तेवढीच उंच आहे. आडवी पट्टी तळाच्याच पातळीत राहते, पंखा तळाखाली पूर्वीइतकाच. पाटावर चित्र काढून दाखवलं तेव्हा पटलं.

३० मार्च, गुढीपाडवा

मोटर आली. मुंबईहून, दोन हंगाम चाललेली, फोर-स्ट्रोक, लाँग शाफ्ट, ४० किलो. पाटीवर ९.९ लिहिलंय. परदेशात पुष्कळ तलावांवर दहाच्या आतच मोटर चालते, म्हणून कंपन्या ही मोटर नऊ पॉइंट नऊ म्हणून विकतात. मामींनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ट्रान्समचं वाढवलेलं काम गेल्या आठवड्यात पुरं झालंय.

कागदपत्रंही चालू आहेत. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आलाय. यंत्रावर चालणारी होडी म्हटली की नोंदणी आलीच. गावातले एक निवृत्त शिक्षक ते काम पाहतायत.

१३ एप्रिल, रविवार. १० एचपी, पहिली फेरी

दोघे: २५. चौघांचं वजन, या वेळी गोण्या मध्यभागी आणि पुढे: १२.१.

९.३ च्या वर गेलो. पण फक्त २.८ ने. त्या दिवशीची शंभर मीटरची वाट वर चढायला दोन मिनिटांहून जास्त लागली असती, आणि तेही धार जराही वाढली नाही तर. मी याहून जास्त धरलं होतं.

घरी येताना मात्र कारण हातात होतं. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅको, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या मोजणारा मीटर, लावला होता. माहितीपुस्तकात लिहिलंय की पूर्ण थ्रॉटलला इंजिन ५००० ते ६००० फेऱ्यांत फिरायला हवं. दोघे असताना ५५०० दाखवत होतं, छान. चौघांना ४८००. म्हणजे इंजिन दबलंय. दहा एचपी ही ताकद त्या वरच्या फेऱ्यांनाच मिळते. ४८०० वर इंजिन पूर्ण ताकद देतच नाहीये. चौथ्या गिअरमध्ये घाट चढवणाऱ्या गाडीसारखं.

गिअर बदलायचा म्हणजे इथे पंखा बदलायचा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे पंखा लोण्यात फिरला असता तर एका फेरीत किती इंच पुढे गेला असता. मोटरबरोबर आलेला पंखा ९ पिचचा आहे. तो हलक्या होडीला पळवण्यासाठी. आपल्याला ओझं ओढायचंय. पिच एक इंच कमी केला की साधारण दोनशे फेऱ्या वाढतात. ७ चा मागवला.

४ मे, रविवार. नवा पंखा

आज वेगळी चाचणी आधी केली. कांदा व्यापाऱ्याकडून गोण्या तोलायचा लटकता काटा आणला. एक टोक काठावरच्या बाभळीला, दुसरं होडीला, मध्ये काटा. होडी जागेवर उभी, मोटर पूर्ण उघडी, काट्यावर ओढ किती ते वाचायचं.

जुना पंखा, ९ पिच: ७८ किलो.
नवा पंखा, ७ पिच: ९१ किलो.

तीच मोटर, तेच पेट्रोल, तेरा किलो जास्त ओढ. मामांनी स्वतः वाकून काटा वाचला आणि पुन्हा एकदा करायला लावलं. दुसऱ्यांदाही ९१.

मग वेग. चौघांचं वजन: १३.६, फेऱ्या ५२५०. दोघे: २२, पण फेऱ्या सहा हजारांना टेकतात, म्हणून रिकाम्या होडीत थ्रॉटल पूर्ण उघडायचा नाही. हे मोटरच्या झाकणावर ऑइलपेंटने लिहिलं.

१३.६ वजा ९.३ म्हणजे ४.३. तेच शंभर मीटर आता दीड मिनिटाच्या आत.

हिशोब केला तर पंखा ५२५० फेऱ्यांना, गिअरच्या २.०८ या प्रमाणाने भागून, ताशी २७ किलोमीटरचं पाणी मागे टाकतो आणि होडी त्याच्या निम्मीच पुढे जाते. बाकी घसरण. भरलेल्या होडीला एवढी घसरण होतेच. जुन्या पंख्याला ती बासष्ट टक्के होती.

आडवं जायचा सरावही केला. धार ९.३ आणि होडी १३.६ असेल तर सरळ पलीकडे जाण्यासाठी नाळ धारेच्या वरच्या बाजूला ४३ अंश वळवून धरावी लागते, म्हणजे जवळजवळ कोपऱ्यात. आज धार नव्हतीच, पण पोरांना तो कोन डोळ्यांनी ओळखता यावा म्हणून होडीच्या कठड्यावर दोन्हीकडे पिवळी खूण मारली. खुणेवरून बघायचं, समोरचं ठिकाण खुणेच्या रेषेत ठेवायचं. मामेभावाला तिसऱ्या खेपेला जमलं. चौघांपैकी तो सगळ्यात शांत हाताने चालवतो.

१८ मे. पाणवेली

सायखेडा-चांदोरीच्या बाजूला गोदावरीत पाणवेलींचे गालिचे साचतात आणि पुरात हेच वाहत येऊन पुलाला अडतात. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. म्हणून मुद्दाम मोटर त्यात घातली.

गेल्या आठवड्यात ८ मिलिमीटरच्या सळईचा एक पिंजरा पंख्याभोवती बनवला होता, पाण्यातल्या माणसाला पंखा लागू नये म्हणून. काम चांगलं झालं होतं, वेल्डिंग घासून गुळगुळीत केलं होतं. पिंजऱ्यामुळे ओढ ९१ वरून ८४ वर आली. ते मला मान्य होतं. पण पाणवेलीत चौथ्या मिनिटाला पिंजरा मुळांनी गच्च भरला, इंजिन गरम होऊन शिट्टी मारायला लागलं, आणि मुळं काढायला हात आतच जाईना.

पिंजरा काढला. नुसत्या पंख्यालाही वेली गुंडाळतात, पण थांबून मागचा गिअर टाकला की अर्ध्या सुटतात, उरलेल्या मोटर वर उचलून विळ्याने कापता येतात. दीड मिनिटाचं काम. विळा होडीतच दोरीने बांधला.

पिंजऱ्याच्या जागी नियम: पाण्यात माणूस दिसला की होडी त्याच्या खालच्या अंगाला आणायची, दोन होडी अंतरावर मोटर बंद, पुढे वल्हं आणि दोर. आधी दोर फेकायचा, मग वल्हं पुढे करायचं. आज हे बारा वेळा केलं, रबरी ट्यूबला माणूस मानून. दोन वेळा मोटर बंद करायला उशीर झाला. पुढच्या रविवारी पुन्हा.

२७ मे

पावसाने घाई केली. काल मुंबईत मान्सून आला, मे महिन्यातच. इकडेही गेले पंधरा दिवस अवकाळी चालूच आहे. पुढचा रविवार नाही, आजच पोरांना बोलावलं.

पेट्रोलचं ठरवलं. पूर्ण जोरात ही मोटर तासाला साडेतीन लिटरच्या आसपास पिते. बारा लिटरची टाकी. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात लावायचा नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. वर्षातून एकदा लागणाऱ्या मोटरचं खरं दुखणं हेच, ऐन वेळी ती सुरूच होत नाही. म्हणून टाकीतलं पेट्रोल दर महिन्याला कुणाच्या तरी मोटरसायकलमध्ये ओतून नवीन भरायचं आणि दर पंधरा दिवसांनी मोटर पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवायची. शेवटी नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत. वहीत सहीनिशी नोंद. पहिली सही मामींनी मागून घेतली.

१ जून २०२५, रविवार

आज होडी गावात मुक्कामाला गेली. शाळेच्या मागच्या शेडमध्ये, नाळ दाराकडे.

शेवटचं काम घाटावर होतं. नाशिकमध्ये पुराचं माप म्हणजे गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं, एवढं ऐकलं की शहराला कळतं. आपल्या घाटावर तसं काही नाही. व्हिडिओत निळा ड्रम गेला तेव्हा पाणी कोणत्या पायरीला होतं ते थांबवून थांबवून पाहिलं आणि त्या पातळीला विजेच्या खांबावर लाल रेघ मारली. आपले सगळे आकडे त्या रेघेचे आहेत. पाणी त्याच्या वर गेलं तर धार ९.३ पेक्षा जास्त, मधोमध तर किती ते माहीत नाही, आणि वाहत येणारी झाडं वेगळीच. लाल रेघ बुडाली की होडी नदीच्या धारेत घालायची नाही. गल्ल्यांत, मळ्यात, जिथे पाणी नुसतं साचलंय तिथेच.

पोरांना हे जड गेलं. एक जण म्हणाला, "दादा, एवढं केलं ते नदीत न जाण्यासाठी?" मी त्याला वही उघडून ९ मार्चचं पान दाखवलं.

मामा बराच वेळ रेघेकडे बघत उभे होते. मग चार पायऱ्या खाली उतरले, पाण्याच्या जवळ, आणि खांबाच्या ओळीत पायरीवर हात टेकवला. "इथं एक पिवळी मार," म्हणाले. "पाणी इथं आलं की म्हाताऱ्या माणसांना न्यायला सुरुवात करायची. लाल रेघेपर्यंत कुणी घरात राहायलाच नको."

मामांची पायरी २०१९ च्या व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला पाण्याखाली आहे. त्या वेळी गच्चीवर कुणीच चढलेलं नव्हतं. पिवळी रेघ चार इंच रुंद मारली, दोन हात दिले, वर तारीख लिहिली. मोटरची पुढची पिंपातली फेरी १५ जूनला, पाळी मामेभावाची.